रुग्णांची नोंदवही आणि लिथियमचा पडताळा

स्नायूंचे नियमन करणाऱ्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट करणारा 'एएलएस' हा आजार विरळा आहे. त्याचे दोन रुग्ण एकमेकांना सहज भेटणेही कठीण. अशा विखुरलेल्या रुग्णांना समाजमाध्यमे एकत्र आणू शकतात. तथापि, एकत्र येऊन त्यांनी काय करावे, हा खरा प्रश्न होय.

अमेरिकेतील स्टीफन हेवूड या तरुणास हा आजार असल्याचे निदान १९९८ मध्ये झाले. त्याचे बंधू जेमी व बेन यांनी जेफ कोल या मित्रासमवेत २००४ मध्ये 'पेशंट्सलाइकमी' हा उपक्रम स्थापन केला. तेथे रुग्ण परस्परांना धीर देतच. पण चालणे, बोलणे, गिळणे, श्वास घेणे या क्रियांना ठरावीक गुण देऊन ते आपल्या प्रकृतीची वेळोवेळी नोंदही करीत.

लिथियममुळे या आजाराची गती मंदावते, असे इटलीतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या पाहणीत लिथियम घेणारे रुग्ण अवघे १६ होते. परंतु १५ महिन्यांनंतर ते सर्व हयात होते. ही वार्ता पसरताच अनेकांनी आपल्या डॉक्टरांकडून ते औषध लिहून घेतले. आजार थांबविणारा उपायच ज्याच्यापुढे नाही, त्याला थांबावयास कोणी सांगावे?

येथे नोंदवही कामास आली. लिथियम घेणाऱ्या १४९ सदस्यांची तुलना, ज्यांचा आजार आधीपासून तशाच गतीने वाढत होता अशा ४४७ सदस्यांशी करण्यात आली. बारा महिन्यांच्या नोंदींत औषधाचा कोणताही गुण दिसला नाही. २०११ मध्ये हा निष्कर्ष 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त प्रसिद्ध झाला; रीतसर वैद्यकीय चाचण्यांतूनही तेच आढळले. अशी तुलना त्या चाचण्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण औषध कोणी घ्यावे हे रुग्णांनीच ठरविलेले असते.

आपल्याकडील व्हॉट्सॲप गटांत अमुक काढ्याने गुण आल्याचा संदेश झपाट्याने फिरतो. गुण न आलेल्यांची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाही.

नोंदींची दुसरी बाजूही आहे. हा उपक्रम नफ्याकरिता चालणारा होता. सदस्यांची नावे वगळून त्यांची माहिती औषध कंपन्यांना विकली जाई, आणि हे त्यांना उघडपणे सांगितलेले असे. २०१९ मध्ये तो युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा क्षेत्रातील बलाढ्य उद्योगसमूहाने विकत घेतला. प्रारंभीच्या रुग्णांनी आपल्या नोंदी भरल्या, तेव्हा हा मालक त्यांच्यासमोर नव्हता.