‘गहाण’ आणि ‘मुदतखरेदी’

कर्जफेडीची हमी म्हणून जमिनीतील हक्क धनकोस लिहून देणे म्हणजे ‘गहाण’ होय. ताबा शेतकऱ्याकडेच राहिल्यास त्यास नजरगहाण म्हणतात. ताबा धनकोस देऊन उत्पन्न व्याजापोटी घेऊ दिल्यास ते ताबेगहाण होते. दोन्ही प्रकारांत कर्ज फेडून जमीन सोडवून घेण्याचा हक्क शेतकऱ्यास असतो.

‘मुदतखरेदी’ची गोष्ट निराळी आहे. येथे दस्त विक्रीचा असतो आणि मुदतीत रक्कम परत केल्यास जमीन परत मिळेल, अशी अट असते. ही अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५८ मधील १९२९ च्या दुरुस्तीप्रमाणे तो व्यवहार गहाण ठरत नाही. मग “पैसे द्या, जमीन घ्या” या तोंडी वचनावर जमीन सोडवता येत नाही. अट त्याच दस्तात असली, तरी व्यवहार गहाणाचा की विक्रीचा, हे न्यायालय दस्तातील शब्द व उभय पक्षांचा हेतू पाहून ठरविते.

यास्तव कर्ज हवे असेल, तर गहाणखतच करावे. खरेदीखत करू नये. सही वा अंगठा करण्यापूर्वी संपूर्ण दस्त वाचून घ्यावा. ज्यांस वाचता येत नाही, त्यांस गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो शब्दशः वाचून दाखवावा.