सफरचंदाची कौटुंबिक बाग : ऋतुचक्र, जोखीम आणि धोरण

भारतीय शेतीचा विचार करताना खरीप आणि रब्बी हे दोन हंगाम प्रथम डोळ्यांसमोर येतात. पीककर्ज, पीकविमा, किमान आधारभूत किंमत या बहुतेक व्यवस्थांची रचनाही हंगामी पिकांना समोर ठेवून झालेली आहे. तथापि, हिमालयीन राज्यांतील लाखो कुटुंबांची उपजीविका ज्या सफरचंदाच्या झाडावर अवलंबून आहे, ते झाड या चौकटीत बसत नाही. गव्हाचे पीक एका वर्षी बुडाले, तर पुढील वर्षी शेतकरी वाण किंवा पीकही बदलू शकतो. सफरचंदाचे रोप मात्र एकदा लावले की पुढील पंचवीस-तीस वर्षांचा निर्णय होऊन जातो. हवामान बदलत असताना हा दीर्घ निर्णय घेणारे लहान कुटुंब कोणकोणती जोखीम पत्करते, हे हिमाचल प्रदेशातील बागेच्या वार्षिक ऋतुचक्राच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

देशातील सफरचंद उत्पादनात जम्मू-काश्मीरचा वाटा सर्वाधिक असून हिमाचल प्रदेशाचा क्रमांक दुसरा लागतो. कुलू खोऱ्यात १८७० च्या सुमारास ब्रिटिशांनी सफरचंदाची लागवड केली होती. परंतु ती फळे आंबट असल्याने त्यांना मोठी बाजारपेठ मिळाली नाही. मूळचे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे आणि कोटगढ येथे स्थायिक झालेले सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतून ‘डेलिशस’ गटातील गोड वाणाची रोपे आणली. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले हेच स्टोक्स पुढे सत्यानंद या नावाने ओळखले गेले. त्यांनी आणलेल्या वाणामुळे शिमला जिल्ह्याच्या डोंगरउतारांचे अर्थकारण बदलले.

१९५०-५१ मध्ये हिमाचलात सफरचंदाखालील क्षेत्र अवघे ४०० हेक्टर होते. १९६०-६१ मध्ये ते ३,०२५ हेक्टर झाले आणि २०२१-२२ पर्यंत सुमारे १ लाख १५ हजार हेक्टरांवर पोहोचले. या राज्यातील सरासरी धारणक्षेत्र एक हेक्टरपेक्षा कमी आहे. म्हणजेच हा विस्तार मोठ्या मळ्यांचा नसून प्रामुख्याने लहान कौटुंबिक बागांचा आहे.

हिवाळा : विश्रांतीतील झाड, कामातील कुटुंब

पानगळीनंतर झाड सुप्तावस्थेत जाते. ही सुप्तावस्था पूर्ण होण्यासाठी थंडीची आवश्यकता असते. साधारणतः ७ अंश सेल्सिअसखालील तापमानाचे जे तास झाडाला मिळतात, त्यांना ‘शीत-तास’ म्हणतात. डेलिशस गटातील वाणांना सुमारे १,००० ते १,२०० शीत-तास लागतात. ते पुरेसे न मिळाल्यास कळ्या उशिरा व मागेपुढे फुटतात, फुलोरा लांबतो आणि फळधारणा घटते.

हिमवर्षावाचे महत्त्व येथेच संपत नाही. अनेक बागा सिंचनाविना असल्यामुळे बर्फ सावकाश वितळून जमिनीत मुरणारे पाणी हाच वसंतातील ओलाव्याचा मुख्य आधार असतो. म्हणूनच डोंगरातील कुटुंब जानेवारीतील बर्फाकडे पुढील हंगामाची ठेव म्हणून पाहते.

याच काळात छाटणी होते, कापलेल्या भागांना बोर्डो मलम लावले जाते आणि झाडाभोवती आळी करून खत दिले जाते. दहा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या झाडाला सुमारे १०० किलो शेणखत, ७०० ग्रॅम नत्र, ३५० ग्रॅम स्फुरद आणि ७०० ग्रॅम पालाश अशी प्रचलित शिफारस आहे. उतारावरील प्रत्येक झाडापर्यंत एवढे शेणखत पाठीवरून वाहून न्यावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे कौटुंबिक श्रमांचे मोल कळते. हे श्रम घरचे असल्याने त्यांची मजुरी सहसा हिशेबात धरली जात नाही. परिणामी बाग प्रत्यक्षापेक्षा अधिक फायदेशीर भासते.

नवी लागवडही हिवाळ्यातच होते. बियांपासून वाढविलेल्या खुंटावरील पारंपरिक झाड मोठे होते, दीर्घकाळ टिकते. पण भरघोस फळ देण्यास सात-आठ वर्षे घेते. ‘एम-९’ सारख्या ठेंगण्या खुंटावरील झाडे जवळजवळ लावता येतात आणि दोन-तीन वर्षांतच फळे देऊ लागतात. मात्र त्यांना आधारासाठी तारा, ठिबक सिंचन आणि मोठी प्रारंभिक गुंतवणूक लागते. पहिल्या पद्धतीत प्रतीक्षा अधिक, दुसरीत भांडवल अधिक, अशी ही निवड आहे.

वसंत : पंधरा दिवसांची परीक्षा

मार्च-एप्रिलमध्ये कळी फुगणे, हिरवे टोक, गुलाबी कळी, पूर्ण फुलोरा आणि पाकळीगळ अशा अवस्था क्रमाने येतात. डेलिशस वाणाला स्वतःच्या परागाने समाधानकारक फळधारणा होत नाही. त्यामुळे बागेत ‘गोल्डन डेलिशस’ सारख्या परागदाता वाणांची झाडे पुरेशा प्रमाणात असावी लागतात आणि पराग वाहून नेण्यासाठी मधमाश्या लागतात. नैसर्गिक परागवाहक कमी पडू लागल्याने फुलोऱ्याच्या काळात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणण्याची पद्धत येथे रूढ झाली आहे.

या थोड्या दिवसांत पाऊस, थंडी किंवा गारपीट झाली, तर वर्षभराचे श्रम वाया जातात. कोकणातील आंबा बागायतदाराला मोहोराच्या वेळी येणाऱ्या अवकाळी पावसाची जी धास्ती असते, तीच येथे असते. बहराच्या तीव्र चढउतारांचे एक उदाहरण पुरेसे आहे. हिमाचलात २०१०-११ मध्ये ८.९२ लाख टन असे विक्रमी उत्पादन झाले आणि लगेच पुढील वर्षी, २०११-१२ मध्ये, ते २.७५ लाख टनांवर आले. प्रतिकूल हवामानाबरोबरच भरघोस बहरानंतर झाडाने पुढील वर्षी कमी फळ देण्याची नैसर्गिक प्रवृत्तीही अशा चढउतारांना कारणीभूत असते.

उन्हाळा व पावसाळा : संरक्षणाचा काळ

फळ अक्रोडाएवढे झाले की दाट घोसांची विरळणी करावी लागते; अन्यथा फळांचा आकार लहान राहतो. त्यानंतर रोगनियंत्रण हे मुख्य काम ठरते. ‘स्कॅब’ या बुरशीजन्य रोगाने १९८२-८३ च्या सुमारास हिमाचलातील बागांवर मोठे संकट आणले होते. फळांवर काळपट, खरबरीत डाग पाडणाऱ्या या रोगामुळे वेळापत्रकानुसार फवारणी करण्याची शिस्त बागायतदारांमध्ये रुजली. या क्षेत्रातील संशोधन व विस्तारकार्याची जबाबदारी १९८५ मध्ये सोलनजवळील नौणी येथे स्थापन झालेले डॉ. यशवंतसिंग परमार फलोत्पादन व वनविद्यापीठ पार पाडते.

गारपिटीपासून संरक्षणासाठी बागेवर जाळ्या टाकल्या जातात. त्यांना शासकीय अनुदान मिळत असले, तरी आधाराचा सांगाडा आणि दरवर्षी जाळी चढवण्या-उतरवण्याचे श्रम हा भार कुटुंबाला उचलावा लागतो.

तोडणी : उत्पन्न ठरविणारे आठवडे

कमी उंचीवरील बागांत जुलैपासून तोडणी सुरू होते. किन्नौरसारख्या उंच प्रदेशात ती ऑक्टोबरपर्यंत चालते. एवढ्या कामाला घरचे हात अपुरे पडतात आणि नेपाळमधून येणाऱ्या मजुरांची मदत घ्यावी लागते. नेमका हाच काळ पावसाळ्याचा असतो. जुलै-ऑगस्ट २०२३ मधील अतिवृष्टीत हिमाचलातील रस्ते ठिकठिकाणी खचले, तेव्हा बाग सुस्थितीत असूनही माल बाजारापर्यंत नेणे अवघड झाले. डोंगरी शेतीत रस्ता हीदेखील एक उत्पादक मालमत्ता आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

विक्रीच्या पद्धतीचा परिणामही तितकाच मोठा असतो. पूर्वी खोक्यात भरल्या जाणाऱ्या मालाचे वजन निश्चित नसे. भाव मात्र खोक्यावर ठरे. समजा, एका खोक्याला २,००० रुपये भाव मिळाला. त्यात २० किलो माल असेल तर दर किलोला १०० रुपये पडतो. २८ किलो भरला असेल तर तोच दर सुमारे ७१ रुपये होतो. हा तोटा बागायतदाराच्या सहज लक्षात येत नसे. हिमाचल शासनाने २०२३ मध्ये वजनावर विक्री आणि २०२४ च्या हंगामापासून सुमारे २० किलो क्षमतेचे ‘युनिव्हर्सल कार्टन’ बंधनकारक केले, त्यामागे हीच भूमिका होती.

शीतगृहांपैकी ‘नियंत्रित वातावरण’ असलेल्या गृहांत तापमानासोबत प्राणवायूचे प्रमाणही कमी ठेवतात. त्यामुळे फळ अनेक महिने टिकते आणि हंगामाबाहेर चांगल्या भावाने विकता येते. परंतु ज्या कुटुंबाला औषधे-खतांची उधारी तातडीने फेडायची असते, त्याला ही प्रतीक्षा परवडत नाही. भाववाढीचा लाभ बहुधा साठवणूक करू शकणाऱ्यालाच मिळतो.

धोरणात्मक चौकट

सफरचंदासाठी केंद्राची किमान आधारभूत किंमत नाही. त्याऐवजी नाशवंत मालासाठी ‘बाजार हस्तक्षेप योजना’ राबविली जाते. हिमाचलात या योजनेखाली कमी प्रतीची फळे खरेदी केली जातात. २०२३ च्या हंगामात त्यासाठी किलोमागे १२ रुपये दर होता. खरेदी व प्रक्रियेत ‘एचपीएमसी’ या नावाने परिचित असलेल्या, १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य महामंडळाचा मोठा सहभाग असतो.

ईशान्य भारतासाठी २००१-०२ मध्ये सुरू झालेले फलोत्पादन तंत्रज्ञान अभियान २००३-०४ पासून हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर व उत्तराखंडाला लागू झाले आणि २०१४-१५ पासून ते ‘एकात्मिक फलोत्पादन विकास अभियाना’चा भाग बनले. २०१६ मध्ये पुनर्रचित हवामान आधारित पीकविमा योजना आली. तिच्यात भरपाई प्रत्यक्ष बागेतील नुकसानीऐवजी प्रामुख्याने हवामान केंद्रावरील नोंदींवरून ठरते. निपटारा त्यामुळे जलद होऊ शकतो. पण डोंगरात एका खोऱ्यातील गारपीट शेजारच्या केंद्रावर नोंदलीच जाणार नाही, असेही घडते. अभ्यासकांनी यातील ‘आधार-जोखीम’ ही संकल्पना लक्षात घ्यावी.

आयात धोरणाचा परिणामही बागेच्या बांधापर्यंत पोहोचतो. अमेरिकी सफरचंदांवर २०१९ मध्ये लावलेले २० टक्के अतिरिक्त शुल्क २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात किलोमागे ५० रुपये किमान आयातमूल्य लागू करण्यात आले.

सरकणारी उंची

हिवाळे सौम्य होत गेल्याने कुलू खोऱ्याच्या खालच्या भागातील अनेक कुटुंबांनी डाळिंब, जपानी फळ आणि भाजीपाल्याकडे वळण घेतले. तर सफरचंदाची लागवड किन्नौर व लाहौल-स्पितीच्या अधिक उंचीवर सरकली. परंतु कुटुंबाची जमीन सरकत नाही. खालच्या पट्ट्यातील शेतकऱ्यासमोर जुनी झाडे राखावी की काढावी, हा कठीण प्रश्न उभा राहतो. जुन्या बागेच्या जागी तेच पीक पुन्हा लावल्यास मातीतील रोगकारकांमुळे नव्या रोपांची वाढ खुंटते, ही आणखी एक अडचण आहे. दुसरीकडे, बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारा ‘एचआरएमएन-९९’ हा वाण विकसित केला. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. असे वाण उपयुक्त असले, तरी त्यांनी डेलिशसवर उभ्या असलेल्या बागांचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सफरचंद बागायतदाराची जोखीम एका हंगामापुरती नसते. हिवाळ्यात ती थंडीची, वसंतात परागीभवनाची, पावसाळ्यात रोगाची, तर तोडणीच्या वेळी रस्ता व बाजारभावाची असते. आणि या सर्वांच्या मुळाशी अनेक वर्षांपूर्वी घेतलेला लागवडीचा निर्णय असतो. वार्षिक विमा किंवा एका हंगामाची खरेदी या जोखमीचा काही भाग उचलू शकते. पुनर्लागवडीसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज, नव्या झाडांना फळे येईपर्यंतच्या वर्षांत उत्पन्नाचा आधार, खात्रीची रोपे आणि लहान बागायतदारांच्या सामुदायिक शीतगृहांची सोय झाल्यास उर्वरित भागही सुसह्य होईल. फलोत्पादनावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना केवळ क्षेत्र व उत्पादनाचे आकडे न देता, पीक हंगामी आहे की बहुवार्षिक, हा भेद विद्यार्थ्यांनी प्रथम स्पष्ट करावा. झाडाचे आयुष्य आणि योजनेची मुदत यांतील अंतर जितके कमी होईल, तितकी पुढील पिढी बागेत टिकून राहण्याची शक्यता वाढेल.