कपाशीतील पेशींचे मरण

आपण वेचतो ती रुई म्हणजे मृत पेशींची रास होय. सरकीच्या सालीवरील एकेक पेशी फुलोऱ्यानंतर सुमारे तीन आठवडे लांबत जाते, पुढे आतून सेल्युलोजचे थर चढवून भिंत जाड करते व बोंड फुटल्यावर सुकते. हे पक्वतेचे मरण. पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या पेशी तर आपल्याच पाचक रसांनी अंतर्भाग विरघळवून पोकळ होतात. झाड जगते ते या मेलेल्या नळ्यांवर! देशी कपाशीच्या मर रोगाची बुरशी नेमकी त्यांतच शिरते. पाणी तुटून बोंडे अकाली सुकतात. धाग्याची भिंत पातळ राहते, तो रंग नीट धरीत नाही व सुतात गाठी पाडतो. अशी बोंडे निराळी वेचावीत, असे आम्ही सुचवितो. 1930 नंतरच्या दशकात खानदेशात जरीला वाण पसरले, ते या रोगास पुरून उरे म्हणूनच.