वठलेल्या झाडातली बिऱ्हाडं

वठलेलं झाड दिसलं की आपण काय म्हणतो? "हे काय कामाचं? तोडा आणि जळणाला न्या!" खरंच, त्याला पान नाही, फूल नाही, फळ नाही. सावलीसुद्धा नाही. पण हाच प्रश्न रानातल्या प्राण्यांना विचारला, तर ते म्हणतील, "अहो, ते आमचं घर आहे!" हे कसं, ते या पाठात पाहू.

ढोली कशी तयार होते?

झाडाच्या खोडाचा सालीलगतचा भाग जिवंत असतो. त्यातून पाणी वर जाते आणि पानांनी तयार केलेले अन्न खाली येते. जुन्या झाडाचा मधला गाभा मात्र मेलेला असतो. तो फक्त झाडाला आधार देतो.

वादळात फांदी मोडली किंवा कुऱ्हाडीचा घाव बसला, की खोडाला जखम होते. तिच्यात पावसाचे पाणी मुरते. मग बुरशी लागते. वाळवी आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या आत शिरतात. गाभा हळूहळू भुसभुशीत होतो आणि गळून पडतो. सुतार पक्षी आणि तांबट अशा मऊ लाकडात चोचीने भोक पाडून घरटे करतात. ते गेले की ती खोली दुसऱ्याला मोकळी होते.

यात एक गंमत आहे बरं का. जो भाग कुजतो तो आधीच मेलेला असतो. म्हणून आतून पोकळ झालेले आंब्याचे किंवा जांभळीचे झाड वरून हिरवेगार असू शकते आणि पुष्कळ वर्षे फळेही देते.

परंतु मोठी ढोली व्हायला कित्येक दशके लागतात. आज आपण रोप लावले, तर त्याला सावली आपण पाहू. त्याची ढोली पाहतील ती आपली नातवंडे!

ढोलीत काय सुख असते?

लाकडातून उष्णता सहजासहजी जात नाही. म्हणून बाहेर कडक ऊन असले तरी जाड भिंतीची ढोली थंड राहते आणि थंडीच्या रात्री ती उबदार राहते. आत पाऊस लागत नाही, वारा लागत नाही. तोंड अरुंद असेल तर मोठा शत्रू आत शिरू शकत नाही. ज्यांची पिल्ले डोळे मिटलेली आणि दुबळी जन्मतात, त्यांना याहून चांगले बाळंतघर कोणते?

ढोलीतले बिऱ्हाडकरू

उडती खार ही सह्याद्रीतली खरी ढोलीवाली. शेपटीसकट ती जवळजवळ एक मीटर लांब भरते. दिवसभर ढोलीत झोपते आणि अंधार पडला की बाहेर येते. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातड्याचा पडदा असतो. तो पसरून ती उंच झाडावरून दूरच्या झाडावर तरंगत जाते. तिला पक्ष्यासारखे पंख मारता येत नाहीत, म्हणून तिला 'उडती' म्हणतात ते फक्त म्हणायला. तिला बहुधा एकच पिल्लू होते आणि ते ढोलीत वाढते. मोठी जुनी झाडे गेली, तर ती कुठे जाणार?

उदमांजर, म्हणजे कांडेचोर, हाही रात्रीचा प्राणी. दिवसा तो ढोलीत किंवा वेलींच्या दाट जाळीत झोपतो. रानात जागा मिळाली नाही की तो घराच्या माळ्यावर येतो, आणि मग रात्री कौलांवर धडधड ऐकू येते. तो फळे खातो आणि बिया विष्ठेतून लांब नेऊन टाकतो. म्हणजे न सांगता झाडे लावतो.

वाघाटी हे अगदी लहान रानमांजर. अंगावर तांबूस ठिपके असतात. तेही झाडांच्या पोकळ्यांचा आसरा घेते.

छोटी वटवाघळे झाडांच्या ढोलीत, फटीत आणि वठलेल्या झाडाच्या सुटलेल्या सालीखाली दिवस काढतात. रात्री बाहेर पडून ती डास, पतंग, भुंगेरे असे किडे खातात. त्यांतले कितीतरी किडे आपल्या पिकांवरचे असतात. पश्चिम घाटात एक चिमुकले वटवाघूळ तर चक्क बांबूच्या पेरात राहते! भुंगेऱ्याने पाडलेल्या बारीक फटीतून ते आत शिरते.

एक गोष्ट लक्षात घ्या. उडती खार, उदमांजर, वाघाटी आणि वटवाघूळ, यांपैकी कोणालाही ढोली कोरता येत नाही. सगळे तयार घरात राहणारे. घर गेले की नवे बांधता येत नाही, दुसरे शोधावे लागते. आणि तिथे बहुतेक आधीच कोणीतरी असते.

स्वतः घर बांधणारे

शेकरू मात्र स्वतः घर बांधते. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य जाहीर झाले. पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत मिळून ते सुमारे १३० चौरस किलोमीटर पसरले आहे. डहाळ्या आणि पाने रचून शेकरू उंच फांद्यांवर गोल घरटे करते. एकच नाही, अनेक! एखाद्यात पिल्लू, एखाद्यात झोप, एखादे असेच राखीव.

घरटे बहुधा अशा ठिकाणी असते, जिथे शेजारच्या झाडाच्या फांद्या येऊन भिडतात. गरुड आला किंवा साप चढला, की चटकन दुसऱ्या झाडावर पळता येते. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. ते सुमारे २० फुटांची उडी मारते, पण मधली झाडे तुटली तर रस्ताच तुटतो. म्हणून शेकराला एक झाड पुरत नाही, फांदीला फांदी लागलेले रान लागते.

उघड्यावर राहणारे

मोठी फळे खाणारी वटवाघळे वडासारख्या उंच झाडांवर शेकड्यांनी उलटी लटकतात. पंख पसरले तर एक मीटरहून जास्त भरतात. त्यांना ढोली नको, पण झाड ठरलेले हवे. त्रास दिला नाही तर एकाच झाडावर ती वर्षानुवर्षे राहतात. फळे खाणारी वटवाघळे मोहाच्या फुलांवर रात्री येतात आणि परागीभवन करतात, तसेच उंबराच्या बिया दूर नेतात.

पालकांना विनंती

आई, काकू, आजी मैलोन्‌मैल चालून मोळी आणतात, हे आम्ही रोज पाहतो. जळण लागतेच. वाकडे लाकूड कोणी हौसेने तोडत नाही. तरी आमचे एवढे ऐकावे:

१. आधी खाली पडलेल्या काटक्या-फांद्या घ्याव्यात. उभे वठलेले झाड तोडण्यापूर्वी त्याला ढोली आहे का ते पाहावे. ढोलीची कड गुळगुळीत झाली असेल, सालीवर ताज्या नखांचे ओरखडे असतील, किंवा खाली लेंड्या पडल्या असतील, तर आत बिऱ्हाड आहे असे समजावे. ते झाड राहू द्यावे.

२. ढोलीत धूर किंवा जाळ करू नये. पोकळ झाड धुराड्यासारखे आतून पेटते. पिल्ले पळू शकत नाहीत आणि त्याच झाडातून वणवा लागतो.

३. वाटेवर किंवा घरावर कललेले वाळके झाड धोक्याचे असते. ते काढावेच लागते. तेव्हा आधी खोडावर काठी आपटावी, थोडे थांबावे आणि आत पिल्ले नाहीत याची खात्री करावी.

४. रानातले हे प्राणी पकडू किंवा मारू नयेत. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

मुलांनो, ढोलीत हात कधीही घालू नका. आत साप असू शकतो. वटवाघूळ जमिनीवर पडलेले दिसले तरी हाताने उचलू नका, ते चावले तर रोग होऊ शकतो. लांबून पाहा.

सांगा पाहू

१. पोकळ झाड हिरवे कसे राहू शकते?
२. शेकराचे घरटे दोन झाडांच्या फांद्या भिडतात तिथे का असते?
३. उदमांजर घराच्या माळ्यावर का येते?

करून पाहा

शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवर ढोली असलेली झाडे किती आहेत, ते मोजा. झाडाचे नाव, ढोली जमिनीपासून किती उंच आणि तिच्यात कोण येते-जाते, हे वहीत लिहा. दिवेलागणीच्या वेळी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन दहा मिनिटे लांबून पाहा. सर्वांच्या नोंदी एकत्र करून आपण गावच्या ढोल्यांचा तक्ता करू आणि तो याच भिंतीवर लावू. म्हणजे कुऱ्हाड उचलण्यापूर्वी कोणालाही तो पाहता येईल.

— इयत्ता सातवी