रविवारची लांब धाव : शास्त्र, शिस्त आणि सावधगिरी

तालुक्याच्या कोणत्याही गावी पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास रस्त्यावर नजर टाकली, तर धावणारे तरुण-तरुणी हमखास दृष्टीस पडतात. कोणाला पोलीस दलात जावयाचे असते, कोणाला सैन्यात. जिल्हा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर थोडे, म्हणून सरावही तेवढ्याच अंतराचा आणि तोही रोज जिवाच्या आकांताने करावयाचा, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. हा समज अपुरा तर आहेच. शिवाय तो अपायकारकही आहे. थोड्या अंतराच्या धावेलाही पाया लागतो आणि तो पाया आठवड्यातून एकदा, गटाने, सावकाश धावलेल्या लांब पल्ल्याने घातला जातो.

ऑकलंडचा धडा

या पद्धतीची प्रभावी प्रचीती जगाला न्यूझीलंडने दिली. ऑकलंड येथील आर्थर लिडियार्ड (१९१७-२००४) हे पादत्राणांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या शरीरावर अनेक वर्षे प्रयोग केले, निरनिराळी अंतरे धावून पाहिली आणि १९५३ व १९५५ साली न्यूझीलंडची मॅरेथॉन अजिंक्यपदे मिळविली. या अनुभवावरून त्यांनी आपल्या परिसरातील मुलांसाठी सरावाचा क्रम बांधला. पायाभरणीच्या काळात आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावणे आणि रविवारी सर्वांनी मिळून वायटाकेरे डोंगररांगेतील वायाटारुआच्या चढ-उतारांवरून २२ मैलांची, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरची फेरी पूर्ण करणे, हा त्याचा गाभा होता.

या फेरीत केवळ मॅरेथॉन धावणारेच नसत. ८०० मीटर धावणारा पीटर स्नेल हाही त्यांत असे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक पटकाविले. त्याच गटातील बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळविले. पुढे १९६४ साली टोकियो येथे स्नेलने ८०० व १५०० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. दोन मिनिटांहून कमी वेळात संपणाऱ्या शर्यतीसाठी डोंगरातून ३५ किलोमीटर धावण्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे उत्तर या पदकांनी दिले.

लिडियार्ड यांनी हीच पद्धत सौम्य करून मध्यमवयीन नागरिकांनाही धावावयास लावले. १९६२ साली न्यूझीलंडला गेलेले अमेरिकन प्रशिक्षक बिल बाउअरमन अशा एका गटाबरोबर धावले, तेव्हा आपल्याहून बऱ्याच वडील गृहस्थांच्या बरोबरीने धावणे त्यांना जड गेले. मायदेशी परतल्यावर त्यांनी या उपक्रमाचा प्रसार केला आणि १९६७ साली हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॅरिस यांच्यासह ‘जॉगिंग’ हे पुस्तक सिद्ध केले.

शरीरात काय घडते?

सावकाश धावताना स्नायू प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करतात. असा व्यायाम आठवड्यामागून आठवडे नियमाने घडला म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची वाढ होते. यकृत व स्नायू यांत साठविलेली शर्करा मर्यादित असते. लांब धावेमुळे शरीर ती जपून वापरण्यास आणि चरबीपासून अधिक ऊर्जा मिळविण्यास शिकते. पाच-सहा मिनिटे चालणाऱ्या १६०० मीटरच्या धावेतही बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्याच मार्गाने मिळते. या लांब धावेचा लाभ भरतीच्या चाचणीत मिळतो, तो याच कारणाने.

हाडे, सांधे व स्नायुबंध मात्र हृदय-फुप्फुसांच्या मानाने हळू बळकट होतात. दम टिकतो म्हणून अंतर एकदम वाढविले, तर नडगीचे दुखणे अथवा हाडास सूक्ष्म तडा जाणे संभवते. म्हणूनच वाढ टप्प्याटप्प्याने व्हावयास हवी.

अंतर आणि वेग

जो तरुण ५ किलोमीटर विनासायास धावू शकतो, त्याने पहिल्या रविवारी ६ किलोमीटर धावावे. पुढील दोन रविवारी ७ व ८ किलोमीटर धावून चौथ्या रविवारी पुन्हा ६ वर यावे. त्यानंतर ८, ९, १० आणि पुन्हा ८. शेवटी १०, ११ व १२. अशा रीतीने ११ आठवड्यांत १२ किलोमीटरचा टप्पा गाठता येतो. चौथा आठवडा हलका ठेवणे हा आळस नसून शरीराला भरून येण्यास दिलेला अवधी होय. लांब धाव आठवड्याच्या एकूण अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसावी.

वेगाची कसोटी सोपी आहे. धावताना शेजाऱ्याशी सलग वाक्ये बोलता आली पाहिजेत. धाप लागून शब्द तुटू लागले, तर वेग जास्त झाला असे समजावे. १६०० मीटर ६ मिनिटांत धावणाऱ्याने लांब धाव किलोमीटरला साडेपाच ते साडेसहा मिनिटे या गतीने करावी. वेगाचा सराव आठवड्यातील एखाद्या दुसऱ्या दिवशी, मैदानावर करावा. लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती अथवा चालणे हितावह असते.

गटाची शिस्त

बोलण्याची ही कसोटी एकट्याने धावताना लावता येत नाही. गटाचा पहिला उपयोग हा आहे. दुसरा उपयोग सुरक्षिततेचा. निघताना व परतल्यावर हजेरी घ्यावी. गतीनुसार दोन-तीन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीच्या मागे एक अनुभवी धावपटू ठेवावा. कोणासही वाटेत एकटे सोडू नये. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागोमाग एक धावावे. अंधारात उठून दिसतील असे पांढरे अथवा चमकणारे पट्टे कपड्यांवर असावेत. शक्यतो महामार्ग टाळून कालव्याकाठचा अथवा शेतशिवारातील रस्ता निवडावा. मुलींच्या सहभागासाठी असा नियमित, ओळखीच्या माणसांचा गट हा मोठाच आधार ठरतो.

उन्हाचा धोका

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरच्या चाचणीनंतर काही उमेदवार मृत्युमुखी पडले. पुढे चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. तथापि धोक्याचे मूळ उकाडा, दमट हवा, अपुरी झोप आणि अपुरी तयारी यांत आहे व ते सरावाच्या वेळीही तितकेच खरे आहे. नव्या उष्ण हवामानाची सवय होण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. उन्हाळ्यात धाव सूर्योदयाच्या आधी सुरू करावी व अंतर कमी ठेवावे. ताप, जुलाब अथवा जागरण झाले असल्यास त्या दिवशी धावू नये.

तहान लागेल तसे पाणी प्यावे. बळेच पोटभर पाणी पिणेही घातक असते, कारण त्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण घटते. तासाहून अधिक धावताना एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पेय उपयोगी पडते.

एखादा धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला अथवा कोसळला, तर तो उष्माघात समजून तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर थंड पाणी ओतीत राहावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिकेची वाट पाहताना अंग थंड करणे थांबवू नये. या काही मिनिटांवरच प्राण अवलंबून असतात.

गावाचा वाटा

या उपक्रमास मोठा खर्च नाही. शाळेतील क्रीडाशिक्षकाने गटाची नोंदवही ठेवावी. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, अथवा घराण्यात तरुण वयात अकस्मात मृत्यू झालेला असणे, अशी पूर्वपीठिका असणाऱ्यांची सराव सुरू होण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व रक्तातील लोहाचे प्रमाण पाहिले जावे. ग्रामपंचायतीने एक निर्धोक मार्ग निश्चित करून त्यावर किलोमीटरच्या खुणा रंगवाव्यात आणि पाण्याच्या एक-दोन जागा ठरवून द्याव्यात.

भरतीत सर्वांनाच जागा मिळत नाही. परंतु रविवारी गटाबरोबर सावकाश व नेमाने धावण्यास शिकलेला तरुण चाचणीत उतरो वा न उतरो, निरोगी शरीर आणि सोबत्याला मागे न सोडण्याची सवय घेऊनच घरी परततो. गावाच्या दृष्टीने ही मिळकतही लहान नव्हे.