माझी जमेची बाजू मला कशी कळणार?

प्रश्न : कॉलेजच्या एकांकिकेत मी प्रकाशयोजना सांभाळते. तालमीनंतर कुणी चूक दाखवली की डोळ्यांत पाणी येतं. आपल्याला नेमकं काय चांगलं जमतं, हेही सांगता येत नाही. काय करू?

उत्तर : तू कामात जीव ओततेस म्हणून पाणी येतं, त्याची लाज बाळगू नकोस. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये 'जोहारी खिडकी' मांडली. तिच्या चार चौकटींपैकी एकीत आपल्याला न दिसणारं, पण इतरांना दिसणारं असतं. तिथे नुसत्या चुका नसतात, गुणही असतात. तुझंच बघ, तू दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरपाशी बसतेस. नटाच्या चेहऱ्यावर सावली पडली, हे पहिल्या रांगेत बसलेलाच सांगणार.

म्हणून 'कसं झालं?' असं मोघम विचारू नकोस. 'दुसऱ्या प्रवेशात अंधार लवकर झाला का?' असं विचार. लगेच खुलासा न देता उत्तर त्याच शब्दांत वहीत लिही, दुसऱ्या दिवशी वाच. ऐनवेळी मंडळी कोणत्या कामासाठी तुलाच हाक मारतात, तेही टिपत जा. माझ्या मते गुण ओळखायची ही सगळ्यांत भरवशाची खूण. दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडत असेल, तर मात्र त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांग, की हे तालमीनंतर शांतपणे बोलूया.