श्वासांतील आम्लता

थंड आरशावर श्वास सोडला असतां दंव जमतें. तें निव्वळ पाणी नव्हे. श्वासनलिकांच्या अस्तरावरील द्रवाचे सूक्ष्म कणही त्यांत असतात. सन २००० मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं थंड नळींत असें दंव जमवून, त्यांतील कर्बाम्ल वायु घालवून, आम्लता मोजिली. पीएच् मापांत ७ हा समतोल. आंकडा एकानें उतरला कीं आम्लता दसपट. निरोगी माणसांचा सरासरी आंकडा ७.६५ भरला, दम्याचा झटका आलेल्यांचा मात्र ५.२३! स्टिरॉइड औषधोपचारानंतर तो पुनः वर चढला. ह्या परीक्षेस जोरानें फुंकावें लागत नाहीं. परंतु नित्याच्या वैद्यकींत ती अद्याप रुळलेली नाहीं. पालकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, धाप थांबली म्हणजे आंतील सूज गेलीच असें नव्हे; सबब डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून मुलांचें औषध बंद करूं नये.